पाण्यापासून दूर ठेवलेला साबण

गोडाऊन नंबर तीनला आग लागली आणि बबन मुळीकांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

हे सांगून झालं. आता विसरा. कंपनीच्या लेखी अशी कोणतीही आग लागलेली नाही, मुळीकांचा हात भज्यांच्या तेलानं भाजला, आणि मी त्या दुपारी प्रयोगशाळेत माझ्या स्टुलावर बसलेलो होतो. तेव्हा आपणही आग लागलीच नाही असं धरून चालू. मध्येच कुठे धूर दिसला तर कृपया दुर्लक्ष करावं.

मी नुकताच एम.एस्सी. होऊन पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका एमआयडीसीत औषधी रसायनांच्या कारखान्यात लागलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. ते तसंही तेव्हापासून दोनदा बदललं आहे. एका सकाळी सेफ्टी ऑफिसर सोनटक्के साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सोनटक्के साहेब डोक्यावरचं पिवळं हेल्मेट कधीच काढत नसत. कॅन्टीनमध्ये जेवतानाही नाही. वरण-भातावर काय कोसळणार होतं ते त्यांनाच माहीत.

"बस घोलप. तू नवीन शिकून आलायस. ऑर्गॅनोमेटॅलिक म्हणजे काय ते सांग."

नवीन औषधासाठी आमच्याकडे ब्युटाइल लिथियम येणार होतं. पाणी लागलं की पेटणारा, हवेतल्या दमटपणावरही चिडणारा द्रव. तो कुठे ठेवायचा याचं परिपत्रक काढायची जबाबदारी सोनटक्के साहेबांवर होती, आणि त्या परिपत्रकात पहिल्याच ओळीत हा शब्द यायचा होता.

"सोपं आहे साहेब," मी म्हणालो. "मराठी पुस्तकात कार्ब-धातू संयुगं म्हणतात. ज्यात धातूचा अणू आणि कार्बनचा अणू एकमेकांना थेट जोडलेले असतात, ती. मध्ये दुसरं कुणी असायला नको."

"आणि मध्ये कुणी असलं तर?"

"मग नाही म्हणत. आता साबण घ्या. साबणात सोडियम आहे, कार्बनही आहे. पण सोडियम बसलाय ऑक्सिजनच्या शेजारी. कार्बनशी त्याचा थेट संबंध नाही."

"म्हणजे एकाच घरात राहतात, पण निरोप तिसऱ्याकडून पाठवतात."

"अगदी बरोबर."

"आमच्या थोरल्या भावासारखं." साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "घोलप, हा थेट जोड बाहेरून दिसतो का?"

"नाही. तो रेणूत असतो."

"माझ्या माणसाला रेणू दिसत नाही. त्याला डबा दिसतो." त्यांनी पेन उचललं. "धातू आहे आणि कार्बन आहे, की झालं. मध्ये कोण बसलंय ते बघायला आत कोण जाणार?"

मी म्हणालो की साहेब, अशानं फार पदार्थ आत येतील. ते म्हणाले, येऊ देत, गोडाऊन मोठं आहे.

परिपत्रक निघालं. 'ज्या पदार्थात धातू व कार्बन हे दोन्ही असतील असा प्रत्येक पदार्थ ऑर्गॅनोमेटॅलिक समजण्यात येईल. तो गोडाऊन क्रमांक तीनमध्ये लाल लेबल लावून, पाण्यापासून दूर ठेवण्यात येईल.'

आमच्या कंपनीत परिपत्रकाचा अर्थ लावत नसत, ते पाळत. दुसऱ्याच दिवशी सोडियम अॅसिटेटच्या गोण्या तीन नंबरला गेल्या. गोळ्यांच्या पावडरीत मिसळायचं मॅग्नेशियम स्टिअरेट गेलं. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. मग प्रथमोपचाराच्या पेटीतल्या कॅल्शियमच्या गोळ्या गेल्या. प्रशिक्षणाच्या खोलीतला खडू गेला. कॅन्टीनचा खायचा सोडा पोत्यासकट गेला आणि कॅन्टीनमधली भजी बंद झाली. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, सोड्याशिवाय तळलेलं खायचं असेल तर सांगा, पायातलं काढून तळते.

शेवटी साबण गेला. कामगारांच्या मोरीतला प्रत्येक साबण गोळा करून, त्यावर 'पाण्यापासून दूर ठेवा' असं लाल लेबल चिकटवून, तो गोडाऊनच्या कोरड्या फळीवर रचला गेला. लोक हात धुवायचे ते नुसत्या पाण्यानं, आणि जाता-येता तीन नंबरकडे बघायचे, देवळाकडे बघावं तसं.

मी एकदा गमतीनं म्हणालो, "साहेब, पोलादातही लोखंड आणि कार्बन दोन्ही असतात. गोडाऊनचं दारच पोलादी आहे. ते आत कसं ठेवणार?"

सोनटक्के साहेबांना माझ्या गमती कळत नसत, हा त्यांचा मोठेपणा होता. त्यांनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी दारावर लाल लेबल लावलं.

या सगळ्या संपत्तीचे राखणदार होते बबन मुळीक. करमाळ्याकडचे, चाळिशीचे, नऊ वर्षं कंत्राटी. आमच्याकडे एक नियम होता. गोडाऊनमध्ये दिवाळी ते दिवाळी एकही अपघात झाला नाही, तर तिथल्या कंत्राटी माणसाला कायम करायचं. मुळीकांच्या एका वर्षी कुणाच्या तरी पायावर ड्रम पडला होता. दुसऱ्या वर्षी ट्रॉली भिंतीवर गेली, आणि भिंत हाही अपघातच धरला गेला. या वर्षी मात्र दिवाळी तोंडावर आली होती आणि सगळं शांत होतं.

"ह्या वर्षी मी उंदरालाबी लंगडू देत न्हाई," ते म्हणायचे.

कायम झालं की कंपनीच्या कॉलनीत खोली मिळायची. मुळीकांची बायको मालन सासूजवळ गावाकडे होती आणि वर्षातून दोनदा भेटायची. खोली मिळाली की ती येणार होती. एकदा सॅम्पल न्यायला गेलो, तर त्यांनी साबणांच्या फळीमागून एक पिशवी काढली.

"सर, कसं वाटतंय बघा."

पडद्याचं कापड होतं. हिरव्या रंगावर लाल-पिवळ्या छत्र्या.

"खोली मिळायच्या आधीच?"

"खोल्या समद्या एकाच मापाच्या हायेत. सतरा नंबरच्या खिडकीचं माप घेऊन आलो. आतल्या बाईनं आरडून चाळ गोळा केली, चोर म्हनून. मी म्हनलं, बाई, चोर टेप घेऊन येतो व्हय?"

"आणि छत्र्या का?"

"मालनला इचारलं फोनवर, फुलं घिऊ का मोर घिऊ. ती म्हनली, समद्यांकडं फुलं आन मोरच असत्यात." त्यांनी कापडाची घडी पुन्हा जशीच्या तशी घातली. "मापानं कापून बी आनलंय. आता फकस्त शिवायचं."

ब्युटाइल लिथियम आलं ते मोठ्या धातूच्या बाटल्यांत. त्या तीन नंबरला, नियमाप्रमाणे लाल लेबल लावून, सोड्याच्या पोत्याशेजारी ठेवण्यात आल्या. त्या बाटल्यांवर जे लेबल होतं, तेच साबणावर होतं. तेच खडूवर होतं. तेच दारावर होतं.

त्या दुपारी मी एक बाटली न्यायला गेलो. मुळीक फळ्या पुसत होते. सोड्याचं पोतं उंदरानं फाडलं होतं, न लंगडणाऱ्यानं, आणि सोड्याची पांढरी पूड रोज सगळीकडे पसरायची. मुळीक ती रोज ओल्या फडक्यानं पुसायचे. नियमानं ओलं फडकं आत आणायला बंदी होती. पण सोडा ओल्या फडक्यानंच निघतो, आणि ओल्या फडक्यानं पुसल्यावर सोड्याला, खडूला, साबणाला काहीही होत नाही, हे त्यांनी इतक्या दिवसांत डोळ्यांनी पाहिलं होतं. लाल लेबल त्यांच्या लेखी भिंतीच्या रंगासारखं झालं होतं.

एका बाटलीच्या तोंडाशी पांढरी पूड साचली होती. झाकण किंचित ढिलं असलं की आतलं झिरपतं आणि हवेत पांढरं पडतं. मला ते लांबून दिसलं. मुळीकांना सोडा दिसला.

"मुळीकभाऊ, ते..." मी म्हणालो. त्यांनी पुसलं.

आवाज मोठा झाला नाही. कुणीतरी चादर झटकावी एवढाच. फडकं पेटलं, हात पेटला, बाटलीच्या तोंडाशी ज्योत उभी राहिली. ज्योत किरमिजी होती. एम.एस्सी.त ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखायला शिकवतात. मी मनात म्हणालो, लिथियम. उत्तर बरोबर होतं. परीक्षा खरी आहे हे कळायला एक क्षण जास्त लागला.

मुळीकांनी फडकं फेकलं आणि हात पोटाशी धरला. मी दाराकडे धावलो, तिथे आग विझवायच्या वाळूच्या बादल्या टांगलेल्या असत. पहिल्या बादलीत कोथिंबीर उगवली होती. दुसरीत पुदिना. मावशींनी लावला होता. सकाळीच पाणी घातलेलं, वाळू काळीशार ओली. ती बादली घेऊन मी आत गेलो असतो तर ही कथा सांगायला तुम्हाला दुसरा माणूस शोधावा लागला असता.

"सर, ह्ये!" मुळीक ओरडले. डाव्या हातानं ते सोड्याचं फाटकं पोतं ओढत होते.

ते पोतं आम्ही दोघांनी उचललं आणि बाटलीवर ओतलं. मग खडूचा चुरा ओतला. मग अॅसिटेटची आख्खी गोणी. आग आधी खोकली, मग दबली, मग एक पांढरा ढीग उरला आणि त्याच्या टोकातून थोडासा धूर. कोरडी पूड हेच त्या आगीवरचं योग्य औषध. ते तिथे साहेबांच्या परिपत्रकामुळे होतं. आग का लागली, हे विचारलं असतं तर उत्तर तेच होतं.

मी मुळीकांना बाहेरच्या नळाकडे ओढलं. ते नळापाशी थबकले.

"हाताला तरी पानी चालंल का, सर?"

"हाताला चालतं," मी म्हणालो. मी नळ पूर्ण सोडला. "भरपूर चालतं. धरा."

सोनटक्के साहेब आले तेव्हा हात पाण्याखालीच होता. वासावरून आले होते. ते आत गेले, ढीग पाहिला, भिंतीवरचा डाग पाहिला.

"पाणी टाकलंत?"

"नाही साहेब."

"एक थेंबही नाही?"

"नाही."

ते अॅसिटेटच्या दुसऱ्या एका गोणीवर बसले आणि त्यांनी हेल्मेट काढलं. मी त्यांचे केस पहिल्यांदा पाहिले. अगदी पांढरे होते. मिशी रंगवायचे, केस हेल्मेटखाली असतात म्हणून सोडून दिले असावेत.

"जुन्या कंपनीत माझ्या हाताखाली तानाजी म्हणून होता," ते म्हणाले. "तिथे एक डबा कुठल्याच नियमात बसत नव्हता. लेबल नाही, काही नाही. जवळच कचरा पेटला. तानाजीनं पाण्याचा पाइप मारला, सगळीकडे मारला, त्या डब्यावरही. लेबल असतं तर थांबला असता. वाचायला येत होतं त्याला." त्यांनी हेल्मेट मांडीवर फिरवलं. "तेव्हाच ठरवलं, आता नियमाबाहेर काही ठेवायचं नाही."

मुळीक ओला हात धरून दारात येऊन उभे होते.

"साहेब, हितं तर समद्यालाच लेबल हाय," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "मी त्याला बी सोडाच समजलो."



"अहवाल लिहावा लागेल," साहेब म्हणाले.

"लिवा. तुमचं कामच हाय त्ये." मुळीकांनी हात दुसऱ्या बगलेकडे धरला. मग मला विचारलं, "सर, कापल्यालं कापड दुकानदार परत घेतो का हो?"

साहेबांनी कपाळ पुसलं. "कसलं कापड?"

मी सांगितलं. खिडकी, मालन, छत्र्या. साहेबांनी मुळीकांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या डागाकडे, आणि मग एकदम माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आज कॅन्टीनला चहाबरोबर काय आहे?"

"बिस्किटं."

"भजी का नाहीत?"

"साहेब, तुमच्याच परिपत्रकानं सोडा..."

"भजी करायला सांग. आत्ता. सगळ्यांना." त्यांनी ढिगाच्या कडेचा, न जळलेला सोडा निरखला, मग मागच्या फळीवरचं सोड्याचं एक सीलबंद पाकीट उचलून माझ्या हातात ठेवलं. "हे घेऊन जा. माझ्या परवानगीनं. मुळीक मदतीला आला होता म्हणावं, आणि तेल उडालं."

"मावशी खोटं बोलतील का?"

"तिला सांग, वाळूच्या बादलीत कोथिंबीर लावणं हा सेफ्टीच्या नियमात फार मोठा गुन्हा आहे."

मावशी खोटं बोलल्या, आणि त्यात मन ओतून बोलल्या. मुळीकांचा हात झारा घेताना कसा घसरला, त्या कशा ओरडल्या, हे त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं आणि न विचारणाऱ्यांनाही. त्या दुपारी सगळ्या शिफ्टनं भजी खाल्ली. माणसं इतकी खूश होती की गोडाऊनकडून जळका वास का येतो, हे कुणी विचारलं नाही. मुळीकही बाकावर बसून डाव्या हातानं भजी खात होते. त्यांचे डोळे वाहत होते. मिरची, असं ते म्हणाले.

ती झिरपणारी बाटली मी प्रयोगशाळेत नेऊन, बर्फात ठेवून, कोरड्या वायूखाली हळूहळू निष्प्रभ केली. संध्याकाळी केबिनमध्ये गेलो.

"साहेब, आता व्याख्या बदलायला हवी. थेट जोड असेल तेच आत. बाकी सगळं बाहेर."

"हवी," ते म्हणाले. हेल्मेट पुन्हा डोक्यावर होतं. "परिपत्रक बदलायचं तर मुख्य कार्यालय कारण मागतं. काय लिहू?"

"सुधारणा."

"सुधारणा कशामुळे, असं विचारतात. काही घडलंय का, असं विचारतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घडलंय का काही?"

बाहेर शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला.

"नाही साहेब," मी म्हणालो.

"मग कसली सुधारणा?"

दुसऱ्या दिवशी मुळीकांनी मला गोडाऊनमध्ये बोलावलं. हाताला बँडेज होतं. "सर, ह्या समद्यांतलं खरं कुटलं, त्ये मला बोट लावून दावा. लेबलाचं र्‍हाऊ द्या." मी दाखवलं. एकेक बाटली. थेट जोड म्हणजे काय तेही सांगितलं, निरोपाच्या गोष्टीसकट. त्यांनी पिशवीतून पडद्याचा उरलेला तुकडा काढला, दातांनी चिंध्या फाडल्या, आणि प्रत्येक खऱ्या बाटलीच्या गळ्यात डाव्या हातानं एकेक गुंडाळली. हिरव्यावर लाल-पिवळ्या छत्र्या. गाठ मला मारायला लावली.

दिवाळीत ते कायम झाले. खोली मिळाली, पण सतरा नंबरच्या मापाची नाही. खिडकी पलीकडच्या रांगेतली, थोडी रुंद. पडदा एका बाजूनं कमी पडतो. मालनवहिनी म्हणाल्या, राहू द्या, उजेड येतो.

याला आता बरीच वर्षं झाली. सोनटक्के साहेब निवृत्त होऊन गेले. मी ती नोकरी सोडून दुसरीकडे, तशाच वासाच्या ठिकाणी लागलो. परिपत्रक मात्र जसंच्या तसं आहे. मुळीक फोनवर सांगतात की साबण अजून कोरड्या फळीवरच असतो, नवीन येणारी पोरं त्याला हसतात आणि लाल लेबलाकडे बघतही नाहीत. चिंध्यांचा अर्थ सध्या मुळीकांना आणि त्यांच्या हाताखालच्या एकाला माहीत आहे. परिपत्रकात चिंध्यांचा उल्लेख नाही. मुळीकांच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे, आणि लपवलेला अपघात उघडकीला आला तर कायम माणसालाही काढता येतं, असाही त्या कंपनीत एक नियम आहे.

म्हणून दर दिवाळीच्या सुमारास मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला एक अर्ज पाठवतो. पोच येते, उत्तर येत नाही. या वर्षीचा अर्ज असा:

'महोदय, उपरोक्त परिपत्रकातील ऑर्गॅनोमेटॅलिक या शब्दाची व्याख्या दुरुस्त करण्यात यावी, आणि ज्यात धातू व कार्बन यांचा थेट बंध आहे असेच पदार्थ तीत ठेवण्यात यावेत. ही दुरुस्ती अत्यंत तातडीची आहे. ती तातडीची का आहे, अर्जदारास हे कसे माहीत, आणि याआधी काही घडले होते काय, याबाबत अर्जदारास अथवा गोडाऊनमधील कोणत्याही कर्मचाऱ्यास कधीही विचारणा करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'